पाकळ्या थांबेपर्यंत

स्मशानातलं सगळं आटोपून मंडळी घरी परतली, हातपाय धुऊन जरा टेकली, आणि तेव्हा कुठे मावशी दारात उगवली.

त्याच्या कपाळावर आठी चढली. आईची ही चाळीस वर्षांची जिवाभावाची मैत्रीण. हॉस्पिटलमध्ये आईने शेवटचं मागणं मागितलं ते हिच्यासाठीच. "तिला फोनवर ऐकू येत नाही रे, लिहून कळव. आणि ती आल्याशिवाय मला घरातून हलवू नका." दुपारी एकपर्यंत सगळे थांबले. मग नाइलाज झाला.

कळवण्यात त्याने काही कसूर ठेवली नव्हती. वेबसाइट बनवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. सकाळी डोळे पुसत पुसत त्याने आईसाठी एक पान तयार केलं. मधोमध तिचा हसरा फोटो आणि वरून संथपणे उतरणाऱ्या पांढऱ्या पाकळ्या. त्या कधीच थांबू नयेत, ही त्याचीच कल्पना. ऑफिसातल्यांनी पान बघून तोंडात बोटं घातली. बहिणीने मात्र विचारलं, "आईला न्यायची वेळ कुठे लिहिलीयस?"

"फोटोवर बोट ठेव. पाकळ्या बाजूला होतात आणि वेळ दिसते."

"सरळ वरच लिही ना."

"आईचं पान आहे ते, बसचं वेळापत्रक नाही," तो खेकसला. 'आई गेली' एवढे दोनच शब्द लिहून त्याने त्याखाली लिंक जोडली आणि सगळ्यांना पाठवून दिली. बाकीच्यांना तशीही फोनवरून वेळ कळलीच होती.

आता मावशी चौकट धरून धापा टाकत होती. दोन बस बदलून आली असावी. त्याला तिची दया आली नाही, उलट सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं वर आलं.

"आई तुझीच वाट बघत होती," तो म्हणाला. "नऊ वाजता कळवलं होतं तुला. एवढं काय अडलं होतं गं?"

मावशी त्याच्या ओठांकडे बघत राहिली. त्यातलं एक अक्षर तिच्या कानी गेलं नव्हतं. तिने पिशवीतून मोबाइल काढून त्याच्यासमोर धरला. आई हसत होती आणि पाकळ्या पडत होत्या.

"सकाळपासून बघत बसलेय बाळा," ती म्हणाली. "म्हटलं, फुलं पडायची थांबली की खाली लिहिलेलं येईल. ती थांबेचनात. मग म्हटलं, जाऊन विचारावंच."

तिने खोलीवरून एक नजर फिरवली आणि पिशवीतून वही-पेन्सिल काढली. याच वहीत आई तिच्याशी लिहून बोलायची. कोरं पान उघडून तिने वही त्याच्या हातात दिली.

"हॉस्पिटलमधून अजून आणलेलं दिसत नाही तिला. यात लिही, मोठ्या अक्षरांत. किती वाजता आणताय?"