प्लेटवरचा एकच ठिपका

यूव्ही दिव्याखाली, मिश्रणातले पदार्थ वेगवेगळे करून दाखवणाऱ्या प्लेटवर एकच ठिपका चमकत होता. म्हणजे पदार्थही एकच! साखरेच्या रेणूतल्या जुळ्या हायड्रॉक्सिल (OH) गटांपैकी हेमांगीने डायब्युटिल टिन ऑक्साइड या रसायनाच्या जोरावर नेमक्या एकाच्याच गळ्यात नव्या गटाची माळ घातली होती; दुसऱ्याला पत्ताही लागला नव्हता.

"दोन स्पॉट एकावर एक बसले असतील," तिचे पीएचडीचे गाइड म्हणाले. "असं होत नसतं, वर्षभर सांगतोय तुला."

"मग सॉल्व्हंट तुम्ही निवडा, सर, दोन असतील तर वेगळे होतील. थेंबही तुम्हीच टाका."

सरांनी दुसरा सॉल्व्हंट घेऊन नवी प्लेट रन केली. पुन्हा एकच ठिपका. घसा खाकरून ते म्हणाले, "उद्याच्या सेमिनारमध्ये हे मीच मांडतो."

हेमांगीने त्यांच्या हातातली प्लेट काढून घेतली नि आपल्या वहीत चिकटवली.

"मी मांडणार. तुम्ही पहिल्या रांगेत बसा, सर."