धूळ कॅमेऱ्यात नाही

"तुम्ही न बघताच नाकारता," ती स्क्रीनला म्हणाली. लोकांचे फोटो घेऊन ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीचं उत्तर आलं होतं: तांत्रिक दोष. कॅमेऱ्यात धूळ. डाग काढून पुन्हा पाठवा. खाली ना सही, ना नाव.

याआधीचे नकार तिने मुकाट गिळले होते. हात हलला होता, कबूल. अंधारात काढलेला फोटो रवाळ आला होता, तेही कबूल. शिकवायला कुणी नव्हतं, चुकतमाकतच शिकली. पण हा फोटो? शेडमध्ये दगड कापायच्या चक्रीवर वाकलेला तिचा थोरला भाऊ, मागून खिडकीतलं ऊन, आणि हवाभर पांढरे ठिपके.

"पुसून टाक की," वहिनी म्हणाली. "मी घरभर तेच करते दिवसभर."

कॉटवर बसलेल्या भावाला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तो म्हणाला, "पूस बाई. फोटोत तरी मला चांगली हवा मिळू दे."

वहिनी हसली. नणंदेला मात्र हसू आलं नाही. पुसलेला फोटो कुठे जाईल ते तिला लख्ख दिसत होतं: कुठल्यातरी कारखान्याची जाहिरात, वर ठळक अक्षरांत 'आमचे कामगार सुरक्षित', आणि खाली दादा.

तिने कोऱ्या भिंतीचा फोटो काढला, मोठा करून कोपरान् कोपरा तपासला. एक ठिपका सापडेना. मग चक्रीसमोर लागोपाठ काढलेले आणखी दोन फोटो त्याला जोडले.

"दादा, तुझा चेहरा ओळखू येतोय. मालकाने बघितलं तर?"

वहिनीचं हसू मावळलं.

"बघू दे," तो म्हणाला. "शेडमध्ये तर कधी पाऊल टाकत नाही. फोटोत तरी येऊ दे त्याला."

ती लिहायला बसली. साहेब म्हणायचं नाही, विनंती करायची नाही, हे आधीच ठरलं होतं.

'एकही डाग काढलेला नाही. धूळ कॅमेऱ्यात असती, तर प्रत्येक फोटोत त्याच जागी दिसली असती. कोरी भिंत बघा, स्वच्छ आहे. चक्रीचे तिन्ही फोटो बघा, ठिपके जागा बदलतात. ते हवेत आहेत आणि माझा भाऊ ती हवा रोज ओढतो. आता दोष कुठे आहे ते लिहून कळवा. आणि खाली तुमचं नाव घाला.'