थोरल्याचं निशाण

"समुद्र परातीतल्या पाण्यासारखा, आणि वर लाल निशाण! थट्टा करता का माझी?" होडीवाला खालून ओरडला. "शेवटी निशाण न जुमानता आलो."

धाकटा दीपगृहाच्या पायरीवरच थबकला. इतके दिवस त्याने या होडीवाल्याला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. वादळाआधी यानेच निरोप आणला होता. आई अंथरुणाला खिळलीय, धाकट्याला बोलावते. पण तेव्हा सुटी मागायलाही वेळ मिळाला नाही, वादळाने खडक झोडपून काढले. मग वादळ ओसरलं, तरी होडी येईना. "कामचुकार मेला," थोरला म्हणायचा, आणि धाकट्याला ते पटायचं.

दीपगृहावर हे दोघे भाऊच. दिवा धाकट्याकडे, निशाण थोरल्याकडे. निशाणाची काठी पलीकडच्या खडकावर, किनाऱ्याच्या बाजूला. दीपगृहातून ती दिसतसुद्धा नाही. पांढरं म्हणजे या, लाल म्हणजे होडी लागणार नाही. थोरला रोज सकाळी खडकांना बांधलेली साखळी धरून तिकडे जायचा, परत येऊन सांगायचा, "पांढरं लावलंय." सख्ख्या भावाचं काम कोण तपासायला जातं?

"आई?" धाकट्याने कसंबसं विचारलं.

"आहे. श्वास तेवढा उरलाय. दारात पाऊल वाजलं की तुला हाक मारते."

थोरला मागून उतरत होता. धाकट्याने वर जाऊन त्याची गचांडी धरली. आयुष्यात पहिल्यांदाच.

"दादा, केसाने गळा कापलास रे! ती तिकडे माझ्यासाठी तळमळतेय आणि तू रोज माझ्या तोंडावर खोटं बोलतोस?" त्याला रडू आवरेना. परक्याने केलं असतं तर इतकं लागलं नसतं.

थोरल्याने गचांडी सोडवून घेतली नाही. "निरोप आणला त्या दिवशी यानेच मला बाजूला घेऊन सांगितलं, तिचा जीव धाकट्यात अडकलाय. तो भेटला की सुटेल."

होडीवाला वल्ह्याकडे बघत राहिला. "अहो, ती आपली म्हणायची रीत."

थोरल्याचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याचे डोळे भरून आले होते, पण चेहऱ्यावर चक्क समाधान होतं.

"मग?" तो धाकट्याला म्हणाला. "आहे ना ती अजून?"