जन्मवार्ता

करी रोडच्या बुद्धविहाराचं मासिक पत्रक राजाराम घरच्या कम्प्युटरवर वर्डमध्ये जुळवायचे. या अंकात 'जन्मवार्ता'ची चौकट त्यांनी हौसेनं सर्वांत वर घेतली होती. होणाऱ्या नातवंडाच्या नावापुरती जागा तेवढी मोकळी होती.

सून रश्मी हॉस्पिटलमधून रिकाम्या हातांनी घरी आली. मुलगी एक रात्रच जगली होती. रश्मीच्या नजरेला पडू नये म्हणून राजाराम घाईघाईनं ती चौकट पुसायला बसले.

"बाबा, राहू द्या ती," मागून रश्मी म्हणाली. "नाव लिहा, संघमित्रा."

त्यांचा हात थबकला. "पोरी, लोक पेढे मागतील गं."

"गेल्याची बातमी खाली द्या, बाबा. पण ती आली होती, हे आधी छापा."