कुणालाही न दाखवलेला फोटो

बाईने दिलेला फोटो मशीनवर ठेवून झाकण लावलं, पडद्यावर चेहरा उमटला, आणि झेरॉक्सवाल्याने तो लगेच ओळखला. हा माणूस त्याच्या मोबाइलमध्ये होता.

काल दुपारी समोरच्या बाजाराचं छप्पर कोसळलं, तेव्हा दुकान उघडं टाकून तो धावला होता. मदतीला नव्हे, फोटोला. तुमच्याआमच्यासारख्यांनी काढलेले बातमीचे फोटो वर्तमानपत्रांना विकून देणारी एक साइट होती. वर्षभर तो तिथे फोटो टाकत होता, पण एकही खपला नव्हता. एक खपता खपता राहिला, कारण मेव्हण्याने कौतुकाने तो घरच्या ग्रुपवर टाकला. साइटची अटच होती, विकला जाईपर्यंत फोटो कुणालाही दाखवायचा नाही. तेव्हापासून हा बायकोलासुद्धा दाखवत नसे.

कालच्या फोटोत हा माणूस स्ट्रेचरवर होता. डोळे उघडे. मागे उभ्या रुग्णवाहिकेच्या गाडीवर शहराबाहेरच्या एका दवाखान्याचं नाव, अगदी ठळक. सकाळपासून एक वर्तमानपत्र फोटोच्या किमतीवरून घासाघीस करत होतं.

"माझा धाकटा भाऊ," काउंटरपलीकडची बाई सांगत होती. "बाजारात हमाली करतो. मोठ्या दवाखान्यात दोनदा जाऊन आले, तिथे नाहीये. त्याला रोज इन्सुलिन लागतं हो, दादा. शुद्धीत नसला तर डॉक्टरांना कोण सांगणार?"

झेरॉक्सवाल्याने चोरून मोबाइल पाहिला; वर्तमानपत्राचा होकार अजून आला नव्हता. पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे, त्याने स्वतःला समजावलं. सौदा झाला की सांगूनच टाकू.

मग तो पोस्टरच्या मागे लागला. इतकं मन लावून त्याने कुणाच्या लग्नाची पत्रिकाही केली नव्हती. ‘बेपत्ता’ आधी काळ्या अक्षरांत केलं, मग लाल. चौकट घातली, काढली, पुन्हा घातली. भावाच्या गालावरची सुरकुती पुसून दिली.

"दादा, कसंही चालेल. जरा लवकर द्या ना."

"असं कसं, ताई? लोकांनी थांबून वाचायला नको?" त्याचा एक डोळा मोबाइलवर होता.

कागद निघाले. तिने पर्स उघडली.

"राहू द्या. असल्या कामाचे पैसे घेत नाही मी."

तिचे डोळे भरून आले. त्यालाही आपण फार भला माणूस असल्यासारखं वाटलं. शरम वाटायला हवी होती, ती वाटली नाही.

पोस्टरांचा गठ्ठा छातीशी धरून ती दारापर्यंत गेली आणि मोबाइल वाजला. फोटो विकला गेला होता.

"ताई, थांबा थांबा! हे बघा, आत्ताच कुणीतरी ग्रुपवर टाकलंय."

तिने मोबाइल दोन्ही हातांत घेतला. "जिवंत आहे," ती म्हणाली. "बघतोय, बघा ना, बघतोय तो." गाडीवरचं नाव तिने मोठ्याने वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. मोबाइल त्याच्या हातात कोंबला, गठ्ठा काउंटरवर टाकला आणि ती पायऱ्या उतरली. शेवटच्या पायरीवर वळली.

"हा फोटो कालचा ना, दादा? मग रात्रभर कुणाकडे होता?"

उत्तराला ती थांबली नाही.