उस्तादाचा ट्रक

तिसऱ्यांदा कार्बोरेटर उघडला, धुतला, बसवला, आणि ट्रकनं तिसऱ्यांदा तेच केलं. एक्सिलेटर दाबला की क्षणभर मुका, मग एकदम झटका. ओमप्रकाशनं कपाळावर हात मारला. हाताचं काळं ऑइल कपाळाला लागलं ते वेगळंच.

दुपार कलली होती आणि उद्या दसरा. उद्या सकाळी सहाला हा ट्रक कामठीहून दीक्षाभूमीकडे निघायलाच हवा होता. मागे भातानं भरलेले मोठाले गंज, डाळीची पातेली आणि वाढायला वस्तीतल्या बारा बाया. बावीस वर्षं त्याचे उस्ताद देवाजी हे अन्नदान नेत होते, ट्रक स्वतः चालवत. एक दसरा चुकला नव्हता.

ट्रक फौजेच्या लिलावातला, पेट्रोलवर चालणारा. असलं धूड आता कोणी मिस्त्री दारात उभं करत नाही. ओमप्रकाश करायचा, कारण तो देवाजींचा चेला. पान्हा कसा धरायचा इथपासून सगळं त्यांनीच शिकवलेलं. इंजिन डोळे मिटून ऐक, ते सांगायचे, डोळा फसवतो, कान फसवत नाही. म्हणून आजही ओमप्रकाश बॉनेटमध्ये डोकं घालून, डोळे मिटून उभा राहायचा आणि वर बसलेले देवाजी तो म्हणेल तेव्हा एक्सिलेटर दाबायचे. उस्तादाच्या सीटवर चेल्यानं बसायचं नाही, हे कोणी त्याला सांगितलं नव्हतं. सांगावं लागतं का असं काही?

दुखणं सुरू झालं मागच्या हप्त्यात. सिग्नल हिरवा झाला तरी ट्रक जागचा हलेना, मागचे हॉर्न बडवून बडवून थकले. देवाजींच्या बायकोनं, इंदूबाईंनी, तेव्हाच ओमप्रकाशला गाठलं होतं.

"उद्या तिथं लाखानं माणसं पायी चालून राहतात," त्या आज सकाळी पुन्हा सांगून गेल्या. "लेकरं राहतात चाकापाशी. भरवशाची असन तरच गाडी दे बाबू. नाहीतर नको देऊ."

तेव्हापासून ओमप्रकाशचा जीव टांगणीला लागला होता. त्यानं पेट्रोलची टाकी रिकामी करून गाळ काढला. फिल्टर बदलला. पाय दाबताच पेट्रोलची जास्तीची पिचकारी मारणारा छोटा दट्ट्या असतो, त्याचं चामडं नवीन घातलं. कुठून हवा शिरते का म्हणून साबणाचं पाणी लावून बघितलं. एक बुडबुडा नाही.

मग त्यानं कार्बोरेटरची दांडी हातानंच ओढली. इंजिन तत्काळ गरजलं.

म्हणजे खोट पायडल आणि कार्बोरेटरच्या मधात! त्याला हायसं वाटलं. दोघांना जोडणारी सळई काढली, सांधे ग्रीसनं भरले, परत बसवून ढिले नट आवळले, आणि डोळे मिटून देवाजींना दाबायला सांगितलं.

मुका. मग झटका.

"तुले जमणार नाही असं इंजिन नाही गा दुनियेत," देवाजी वरून म्हणाले. पण आवाजात काळजी होती. इंदूबाईंचा फोन आला, तांदूळ निवडून झाले, येऊन मोजून जा. देवाजी दाराला धरून सावकाश उतरले आणि नव्या जोड्यांना शिव्या देत, उजवा पाय जरा घासत, घराकडे गेले.

ओमप्रकाश एकटाच ट्रककडे बघत राहिला. त्याला रडू यायचंच बाकी होतं. मग त्यानं इकडंतिकडं पाहिलं, सीटला हात लावून नमस्कार केला आणि चढून बसला.

एक्सिलेटर दाबला. इंजिन तत्काळ गरजलं.

पुन्हा दाबला. पुन्हा तसंच. दहा वेळा दाबला, दहा वेळा गाडी हुकमाची ताबेदार. बॉनेट नुसतं टेकवून कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली. लोण्यासारखी गेली. सांध्यात ग्रीस मुरायला वेळ लागला असणार, दुसरं काय! आपण उगाच हाय खाल्ली, असं म्हणत तो एकटाच हसला. सीट पुसून ठेवली आणि बसल्याचं उस्तादांना सांगायचं नाही असं ठरवलं.

देवाजी परत आले, चढले, बसले. ओमप्रकाश या खेपेला बॉनेटपाशी गेलाच नाही. ऐकायचं काही उरलंच नव्हतं. उस्तादांचा खुललेला चेहरा तेवढा बघायचा होता. तो उघड्या दारापाशी उभा राहिला.

"दाबा, उस्ताद."

मुका. मग झटका.

देवाजींच्या चेहऱ्यावरून ओमप्रकाशची नजर खाली पायडलकडे गेली.

"अजून एकदा दाबा."

देवाजींनी ओठ आवळले, समोर पाहिलं. इंजिन मुकंच.

"दाबला ना गा," देवाजी म्हणाले. "पाहून घे, दाबलाच आहे."

त्यांचा उजवा जोडा पायडलच्या वर चार बोटं अधांतरी होता. जागचा हलला नव्हता. मग तो एकदम धाडकन खाली आदळला आणि ट्रकनं झटका खाल्ला.

शेजारीच ब्रेकचं पायडल होतं. तेही त्याच पायाचं.

देवाजींनी इंजिन बंद केलं. रुमालानं मान पुसली आणि वाकून विचारलं, "काय म्हणतं? सापडलं का?"

ओमप्रकाश पुढं गेला, नुसतं टेकवलेलं बॉनेट दोन्ही हातांनी दाबून बसवलं. गंज उद्या आपण टेम्पोत नेऊ, टेम्पो मी चालवतो, उस्तादांनी माझ्या शेजारी बसावं, असं तो म्हणाला. वर बघायची त्याची हिंमत झाली नाही.

"सापडलं, उस्ताद," तो म्हणाला. "कार्बोरेटरच गेला. याचा पार्ट आता कुठंच भेटत नाही."