थकव्याची वाटेकरी

मैदानाला चकरा मारत होती शर्वरी आणि धाप लागत होती पायरीवर बसलेल्या मृण्मयीला. दोघींच्या मनगटांवर थकवापट्ट्या होत्या. कबड्डीच्या कप्तानाचा थकवा राखीव खेळाडूने अंगावर घ्यायचा, अशी शाळेची रीतच पडली होती.

"दमलीस का गं, भोपळ्या?" दहावीतली शर्वरी लांबूनच ओरडली. सगळा संघ फिदीफिदी हसला.

आठवीतली मृण्मयी पायरीला हात टेकून उठली. घरी गेल्यावर तिने भाकरी आणि मटकीची उसळ पोटभर चापली आणि ती ढाराढूर झोपली. शर्वरीला ना भूक लागे, ना झोप येई. ती वेफर्स चघळत जागत बसे.

दिवाळीपर्यंत मृण्मयीचे दंड भरले, जिना ती एका दमात चढू लागली. तेव्हा तिला उमगलं की दमलेलं शरीरच झोपेत घडतं. थकव्याबरोबर शर्वरी ताकदही देऊन टाकत होती! ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नाही. उलट रोज गोड आवाजात म्हणायची, "ताई, अजून पळ ना. मी आहे दमायला."

निवड चाचणीला पट्ट्या काढून खेळायचं होतं. शर्वरी तोऱ्यात चढाईला आली. मृण्मयीने तिचा घोटा धरला. शर्वरीने जीव खाऊन ओढ घेतली, पण पाय हलेना आणि ती मातीत आडवी झाली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिला स्वतःची धाप लागली आणि "कबड्डी, कबड्डी" घशातच विरलं.

पंचांची शिट्टी वाजली, तरी मृण्मयीने पकड सोडली नाही. ती शर्वरीच्या कानाशी वाकली.

"दमलीस का गं, ताई?"